काळ्या खिडकीतलं आउटपुट बिलापर्यंत : मामाच्या दुकानातल्या स्क्रिप्टच्या नोंदी

३ मार्च

आज मामाकडे बसून नक्की काय करायचंय ते एकदाचं ठरवलं. मामाचं दुकान नेरुळ स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, झेरॉक्स, प्रिंट, स्पायरल, हार्ड बाइंडिंग सगळं, आणि मार्च उजाडला की इंजिनिअरिंगची पोरं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बाइंड करायचा रिपोर्ट) घेऊन यायला लागतात ती पार एप्रिल संपेपर्यंत. चार जणांचा ग्रुप, शंभर-सव्वाशे पानं, प्रत्येकाची एक कॉपी आणि कॉलेजची एक, आणि दारात पाय टाकल्या टाकल्या पहिला प्रश्न, किती होतील? हे सांगायला ताई (माझी मामेबहीण, काउंटर तीच सांभाळते) पीडीएफ उघडते आणि माउसचं चाक फिरवत कलर पानं मोजते. ब्लॅक अँड व्हाइट २ रुपये, कलर १० रुपये, म्हणजे एक पान चुकलं की ८ रुपयांचा फरक आणि तो पाच कॉप्यांना गुणायचा. रांग लागलेली असताना मध्येच कुणी "ताई, आधारची एक प्रिंट" म्हटलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बिलाचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्यात बाहेरून काही घालायची सोयच नाही, हाताने टाइप करायचं बस. म्हणून ऑटोहॉटकी, म्हणजे विंडोजवर टाइपिंग-क्लिक आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट लिहायचं साधन. पीडीएफ फोल्डरमध्ये पडली की स्क्रिप्टने पानं मोजायची, कलर किती ते काढायचं आणि बिलाच्या चौकटीत आकडे भरायचे. शेवटचा भाग मला येतो. मोजायचं काम कमांड लाइनचे, म्हणजे काळ्या खिडकीत कमांड टाइप करून चालवायचे, प्रोग्रॅम करतील, त्यांचं आउटपुट स्क्रिप्टमध्ये कसं आणायचं हाच खरा प्रश्न.

५ मार्च

मोजणारे दोन प्रोग्रॅम ठरले. पॉपलर या पीडीएफच्या टूल्सच्या संचातलं पीडीएफइन्फो, ते एका ओळीत पानांची संख्या देतं आणि दुसऱ्या ओळीत साइज, ए-फोर असेल तर ५९५ बाय ८४२ पॉइंटच्या आसपास. आणि कलरसाठी घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं इंककव्ह. हे प्रकरण मला फार आवडलं. याला पीडीएफ दिली की ते प्रत्येक पानासाठी एक ओळ छापतं, ओळीत चार आकडे, सायन, मजेंटा, यलो आणि ब्लॅक, म्हणजे पानाच्या किती भागाला ती ती शाई लागेल ते. पहिले तीन आकडे शून्य आणि चौथ्यात काहीतरी असेल तर पान ब्लॅक अँड व्हाइट. प्रिंटवाल्याला जे हवं नेमकं तेच.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो कारण अर्धा तास गेला. विंडोजवर घोस्टस्क्रिप्टच्या दोन एक्झी फाइली येतात, नावात शेवटी सी असलेली आणि नसलेली. सी नसलेली स्वतःची खिडकी उघडते, तिचं आउटपुट तिच्याच खिडकीत जातं आणि आपल्या हातात काहीच पडत नाही. सी म्हणजे कन्सोल. तीच घ्यायची.

आधी कुणीतरी मामाला एक स्क्रिप्ट करून दिलेली होती, ती पण बघितली. ती काळी खिडकी उघडायची, त्यात कमांड अक्षर अक्षर टाइप करायची, मग सगळं सिलेक्ट करून क्लिपबोर्डवर घ्यायची. चालायची म्हणे, पण तेवढ्यात ताईने माउसला हात लावला की सिलेक्शन जायचं आणि ताईने स्वतःचं काही कॉपी करून ठेवलेलं असलं तर तेही पुसलं जायचं. कमांडचं आउटपुट पाइपने (एका प्रोग्रॅममधून दुसरीकडे नेणाऱ्या वाटेने) थेट क्लिपबोर्डला पाठवायची सोय विंडोजमध्ये आहे, पण त्यातही क्लिपबोर्ड ताईचाच वापरायचा. दिवसभर त्याच मशीनवर काम करणाऱ्या माणसाच्या क्लिपबोर्डला स्क्रिप्टने हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

८ मार्च

विंडोजमध्येच असलेला डब्ल्यूस्क्रिप्ट शेल वापरला, त्यातलं एक्झेक. प्रोग्रॅम चालू करतो, त्याच्या आउटपुटचा धागा आपल्या हातात देतो, आपण वाचायचं. सात-आठ ओळींत काम झालं. ४२ पानांची फाइल टाकली, ४२ ओळी आल्या, ९ कलर, ताईने चाक फिरवून मोजले तर ९च. मामा म्हणाला, "अरे बाळा, हे आधी का नाही केलंस?"

एक अडचण आहे. एक्झेक प्रत्येक वेळी काळी खिडकी क्षणभर दाखवतो. दिसायला काही नाही, पण त्या क्षणात फोकस तिकडे जातो, आणि ताई कोरलड्रॉमध्ये लग्नपत्रिकेवर नावं टाइप करत होती त्यातलं एक अक्षर गेलं. पत्रिकेत नाव चुकणं म्हणजे काय हे या दुकानात सगळ्यांना माहितेय. तात्पुरतं असं केलंय की ताई कळ दाबेल तेव्हाच स्क्रिप्ट मोजेल, आपोआप नाही. हे कायमचं ठेवायचं नाही.

१५ मार्च

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी एक ग्रुप आला, ११८ पानांचं ब्लॅक बुक, पाच कॉप्या. ताईने कळ दाबली, एरवी पाच-दहा सेकंदात येणारं उत्तर मिनिटभर आलं नाही, मग आलं : ९१ पानं, त्यात १५ कलर. एका कॉपीचे ३०२, पाचचे १५१०. मुलांनी पैसे दिले, प्रिंट सुरू झाली, आणि ताई पहिली कॉपी ट्रेमधून उचलते तर तिला गठ्ठा हातातच जड लागला. "अरे, ही ९१ पानं नाहीयेत." तिने मोजली. ११८, त्यात कलर २२. एका कॉपीचे व्हायला हवे होते ४१२, पाचचे २०६०. साडेपाचशे रुपये कमी घेतले. मुलं चांगली होती, उरलेले देतो म्हणाली, पण मामाने घेतले नाहीत, एकदा सांगितलेला भाव तो भाव. मला खूप वाईट वाटलं. साडेपाचशेचं आहेच, पण त्याहून जास्त याचं की स्क्रिप्टने ९१ हा आकडा अगदी खात्रीने सांगितला, कुठे एरर नाही, लाल काही नाही.

संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत बसून विचार केला, नेरुळला चढलो ते तुर्भे येईपर्यंत उत्तर सापडलं होतं. मी लिहिलं होतं ते असं : प्रोग्रॅम चालू कर, तो संपला का ते दर १०० मिलिसेकंदांनी विचारत बस, संपला की सगळं आउटपुट एकदम वाच, आणि ६० सेकंदांत संपला नाही तर त्याला मार आणि जे आलंय ते वाच. वाचायला किती साधं वाटतं. पण त्या दोघांमधला पाइप म्हणजे गच्चीवरची टाकी नाही, छोटी बादली आहे. एक्झेकच्या पाइपमध्ये ४ केबी मावतात, ४०९६ बाइट. बादली भरली की लिहिणारा प्रोग्रॅम तिथेच थांबतो, कुणीतरी वाचून जागा करेल म्हणून वाट बघतो. आणि माझी स्क्रिप्ट तो संपायची वाट बघतेय. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले, जन्मभर थांबले असते.

इंककव्हची एक ओळ, ओळ संपल्याच्या खुणा धरून, साधारण ४५ बाइट. ४०९६ भागिले ४५, ९१ ओळी. म्हणून ९१. घरी येऊन मुद्दाम कोऱ्या पानांच्या फाइली बनवल्या, ८८ पानांची झटकन होते, ९६ पानांची अडकते. आत्तापर्यंतच्या सगळ्या फाइली नव्वदच्या आतल्या होत्या, म्हणून आठवडाभर कळलंच नाही.

१६ मार्च

दुरुस्ती दोन भागांत.

पहिला भाग म्हणजे क्रम उलटा. आधी वाचायचं, धागा बंद होईपर्यंत वाचत राहायचं, आणि मग प्रोग्रॅम संपला का ते बघायचं. बादली रिकामी होत राहते, कुणी अडकत नाही. २४० पानांची फाइल टाकून बघितली, २४० ओळी.

दुसरा भाग माझ्या मते जास्त महत्त्वाचा. पानांची संख्या पीडीएफइन्फो वेगळी देतं आणि इंककव्हच्या ओळी वेगळ्या मोजता येतात. हे दोन आकडे जुळले तरच बिलात भरायचं. नाही जुळले, टाइमआउट झाला (ठरलेला वेळ उलटला), ओळ अर्धी आली, चार आकड्यांऐवजी तीन आले, काहीही झालं तरी चौकट रिकामी ठेवायची आणि ताईला लाल पट्टी दाखवायची, "हाताने मोज". अर्धवट आउटपुट बघायला हुबेहूब पूर्ण आउटपुटसारखंच असतं, शेवटच्या ओळीनंतर अजून काही येणार होतं हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून पूर्ण आहे की नाही हे दुसऱ्या कुणाकडून तरी विचारून घ्यायलाच पाहिजे.

टाइमआउट झाल्यावर "जे आलंय ते वाच" ही ओळ काढून टाकली.

१९ मार्च, पाडवा

दुकान दुपारपर्यंतच. श्रीखंड खाऊन बसलो.

नवीन मागणी आली होती. मराठी विषयांची पोरं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या फाइली आणतात, कधी कधी पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेला (फाइलीतच घातलेला) नसतो, आपल्या मशीनवर तो फॉन्ट नाही आणि प्रिंट निघते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पॉपलरमध्येच पीडीएफफॉन्ट्स आहे, ते प्रत्येक फॉन्टची एक ओळ देतं आणि एम्बेड आहे की नाही याचा रकाना असतो, येस किंवा नो. नो दिसलं की ताईला आधीच सांगायचं, कागद वाया जायच्या आत.

लावलं, आणि पुन्हा हँग. यावेळी मी आधीच वाचतोय, तरी हँग. फाइल बिघडलेली होती, कुणीतरी मोबाइलवरून पाठवताना अर्धी तुटलेली, आणि पॉपलर अशा फाइलवर सिंटॅक्स वॉर्निंगचा नुसता पाऊस पाडतं. ते वॉर्निंग नेहमीच्या आउटपुटवर येत नाहीत, एररचा धागा वेगळा असतो. त्या दुसऱ्या धाग्याचीही बादलीच. मी पहिल्या बादलीतून वाचत बसलो होतो, तिच्यात काही येईना, आणि तो प्रोग्रॅम दुसरी बादली भरली म्हणून थांबलेला. दोन धागे एकापाठोपाठ एक वाचायचे म्हटले की हे कधी ना कधी होणारच.

सोपा उपाय, एररचा धागा पहिल्यातच मिसळायचा, २>&१ (आकडे अर्थात इंग्रजी). पण हे मिसळणं सीएमडी (विंडोजच्या काळ्या खिडकीत कमांड चालवणारा प्रोग्रॅम) करतो, म्हणजे मधे सीएमडी आणायचा, आणि सीएमडी आला की कोट्सचं दुखणं आलं. प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरच्या नावात स्पेस, म्हणून प्रोग्रॅमच्या पाथला कोट्स, पीडीएफच्या पाथला कोट्स, आणि दोनपेक्षा जास्त कोट्स दिसले की सीएमडी सगळ्यात पहिला आणि सगळ्यात शेवटचा काढून टाकतो आणि मग सांगतो की सी ड्राइव्हवरचं प्रोग्रॅम नावाचं काही मला ओळखू येत नाही. उपाय म्हणजे अख्ख्या कमांडला बाहेरून अजून एक कोट्सची जोडी घालायची, तो ती काढतो आणि आतलं शाबूत राहतं. दिसायला विचित्र, पण बरोबर.

फाइलीत वळवायचं असेल तर क्रमही लक्षात ठेवायचा. आधी फाइलीकडे वळव, मग २>&१. उलट लिहिलं तर एरर खिडकीतच राहतात, कारण जोडताना पहिला धागा अजून खिडकीकडेच जात असतो.

अजून एक. सीएमडी मधे असताना टाइमआउटला सीएमडी मारला तर फक्त सीएमडी मरतो, त्याने चालू केलेला प्रोग्रॅम मागे चालूच राहतो. टास्क मॅनेजरमध्ये चार पीडीएफफॉन्ट्स पडलेले दिसले. टास्ककिलला स्लॅश टी दिलं की पोराबाळांसकट सगळं जातं.

२२ मार्च, रविवार

सीएमडी मधून काढलाच. मिसळलेलं आउटपुट मला पटत नव्हतं, फॉन्टच्या ओळींमध्ये वॉर्निंगच्या ओळी घुसतात आणि ओळी वेचताना गोंधळ. आणि खिडकीची उघडझाप अजून होतीच. त्यामुळे आज दिवसभर बसून विंडोजच्या फंक्शनना थेट हाक मारली : पाइप आपण बनवायचा, प्रोसेस आपण चालू करायची, खिडकी नको असा फ्लॅग द्यायचा, आणि नॉर्मल आउटपुट पाइपला व एररचं आउटपुट सरळ एका फाइलीला जोडायचं. फाइल कधी भरत नाही, म्हणून तिकडून अडकायचा प्रश्नच मिटला, आणि एरर नंतर निवांत वाचता येतात.

सकाळी १० ते दुपारी ३ पर्यंत एकाच गोष्टीने अडवलं. सगळं आउटपुट यायचं, एकूण एक ओळ, आणि मग स्क्रिप्ट शेवटच्या वाचनावर बसून राहायची. प्रोग्रॅम तर कधीच संपलेला. टास्क मॅनेजरमध्ये नाही, तरी वाचन सुटत नाही. कागदावर चित्र काढलं तेव्हा दिसलं. पाइपला दोन टोकं, लिहायचं आणि वाचायचं. लिहायचं टोक मी त्या प्रोग्रॅमला दिलं, पण त्याची एक प्रत माझ्या स्क्रिप्टकडेही उघडीच होती. पाइप संपला हे विंडोज तेव्हाच सांगतं जेव्हा लिहायचं शेवटचं टोकसुद्धा बंद होतं. प्रोग्रॅमने त्याचं बंद केलं, माझं उघडं, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने अजून कुणीतरी लिहू शकतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच, आणि मी वाचायला बसलेलो. प्रोसेस चालू झाल्या झाल्या स्वतःकडचं लिहायचं टोक बंद करायची एक ओळ घातली. वाचन सुटलं, एरर क्रमांक १०९ आला, ब्रोकन पाइप. नाव भयंकर आहे पण इथे त्याचा अर्थ एवढाच की समोरचा लिहून संपला, आता येणारं काही नाही. हा १०९ मला हवाच होता. तो आला तरच वाचन पूर्ण मानायचं असं लिहून टाकलं.

वाचनात अडकून पडू नये म्हणून आधी पाइपमध्ये काही आहे का ते डोकावून बघायचं, असेल तर वाचायचं, नसेल तर थोडं थांबायचं, त्यामुळे टाइमआउटही माझ्या हातात राहतो. डोकावताना १०९ मिळाला तरी चालतो.

खिडकी आता अजिबात दिसत नाही. उद्यापासून कळ दाबायची गरज नाही, फाइल आली की मोजणी आपोआप.

२४ मार्च

गर्दी. काही लिहायला वेळ नाही. ३१ फाइली, लाल पट्टी दोनदा, दोन्ही वेळा खरंच बिघडलेल्या फाइली.

२७ मार्च

आज मराठी नावांनी गाठलं, आणि हे थोडक्यात निभावलं.

फोल्डरमध्ये नवीन काय आलं ते बघायला मी अजून पहिल्या दिवसाचाच कोड ठेवला होता, सीएमडीचा डिर चालवायचा आणि त्याची यादी पकडायची. इंग्रजी नावांना काही नाही. आज मराठीच्या एका मुलीने "अहवाल" नावाची पीडीएफ दिली आणि यादीत आली पाच प्रश्नचिन्हं. कारण असं की सीएमडी पाइपमध्ये लिहिताना कन्सोलच्या कोड पेजमध्ये (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) लिहितो, या मशीनवर ते ४३७, आणि त्यात देवनागरी नाहीच. जे अक्षर नाही त्याला प्रश्नचिन्ह. अ, ह, व, काना, ल, पाच खुणा, पाच प्रश्नचिन्हं.

नुसतं दिसायला वाईट असतं तर सोडून दिलं असतं. पण विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे "इथे कुठलंही एक अक्षर", आणि ऑटोहॉटकीची फाइल कॉपी ते मानते. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणाची तरी "अंतिम" नावाची फाइल होती. अ, अनुस्वार, त, वेलांटी, म. तीही पाच. कॉपीने दोन्ही उचलल्या, एकावर एक लिहिल्या, आणि मुलीच्या नावावर दुसऱ्याच्या फाइलीची मोजणी झाली. पानांचे दोन आकडे जुळत होते, कारण दोन्ही मोजण्या त्याच चुकीच्या फाइलीच्या. माझ्या १६ तारखेच्या तपासणीने हे पकडलं नाही. ताईने पकडलं, "अगं, तुझी ७० पानं आहेत ना?" असं तिने सहज विचारलं म्हणून.

कोड पेज ६५००१ करता येतं, म्हणजे यूटीएफ-८, किंवा सीएमडीला स्लॅश यू दिलं की त्याच्या स्वतःच्या कमांडचं आउटपुट यूटीएफ-१६ मध्ये येतं. पण मग वाटलं की इथे आउटपुट पकडायचंच कशाला. ऑटोहॉटकीला स्वतःला फोल्डर वाचता येतो आणि तो युनिकोडमध्येच वाचतो. डिर काढून टाकला. शिवाय आता प्रत्येक फाइल आली की जॉब नंबरच्या नावाने कॉपी होते, नुसते इंग्रजी आकडे, आणि सगळे प्रोग्रॅम त्या कॉपीवर चालतात. मूळ नाव फक्त ताईच्या स्क्रीनवर. आणि मूळ फाइल व कॉपी यांची साइज बाइटमध्ये सारखी आहे का ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्यातूनच अजून एक गोष्ट निघाली. पीडीएफइन्फो फाइलीचं टायटलही देतं आणि ते यूटीएफ-८ मध्ये असतं. मराठी टायटल पकडलं तर कधी नीट यायचं, कधी मधेच एखादं अक्षर फुटलेलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची, ठ तीन, काना तीन, ण तीन, मात्रा तीन, नुसतं "ठाणे" लिहायला बारा बाइट. पाइपमधून एका वेळी किती बाइट हाती लागतील ते आपल्या हातात नसतं, आणि मी आलेला प्रत्येक तुकडा लगेच अक्षरांत बदलत होतो. तुकडा एखाद्या अक्षराच्या दुसऱ्या बाइटवर तुटला की अर्धं अक्षर या तुकड्यात, उरलेलं पुढच्यात, आणि दोन्हीकडे कचरा. आता सगळे बाइट आधी एकत्र साठवतो, १०९ आल्यावर एकदाच बदलतो. इंग्रजीत हे कधीच कळलं नसतं, तिथे एक अक्षर एक बाइट.

३० मार्च

पासवर्डवाल्या फाइली. ई-आधार, बँकेचं स्टेटमेंट, रोज दहा-बारा येतात. पीडीएफइन्फो एररच्या धाग्यावर "इनकरेक्ट पासवर्ड" सांगतं आणि एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) १ देतं. एररची फाइल आता वेगळी असल्यामुळे हे ओळखणं दोन ओळींचं काम झालं, ताईला पिवळी पट्टी येते, "पासवर्ड विचार". पासवर्ड स्क्रिप्ट कुठेही साठवत नाही, लॉगमध्येही नाही, मामाला तसं स्पष्ट सांगितलं आणि त्यालाही ते पटलं.

एक्झिट कोडबद्दल, शून्य नाही म्हणजे बिघडलं असं सरसकट धरायचं नाही. रात्रीच्या बॅकअपला मी रोबोकॉपी लावलाय, तो फाइली नीट कॉपी झाल्या की १ देतो, ८ च्या खालचे सगळे कोड ठीकच असतात. प्रत्येक प्रोग्रॅमचं कोष्टक वेगळं, वाचूनच लावायचं.

४ एप्रिल

कलरची तक्रार. एका फाइलीत सगळी पानं कलर निघाली आणि डोळ्यांना तर साधा काळा मजकूर. काही फाइलींत काळा हा आरजीबीतला (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला) काळा असतो, त्याचं शाईत रूपांतर होताना चारही शाया लागतात. आकडे नीट बघितल्यावर दिसलं की अशा पानावर पहिले तीन आकडे अगदी सारखे असतात, कारण त्याच त्याच ठिपक्यांवर तिन्ही शाया. स्कॅन केलेल्या पानांचं वेगळं, कागदाचा पिवळटपणाही कलर म्हणून मोजला जातो आणि आकडे एकच्या जवळ जातात.

तीन सारखे म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, असं सरळ लिहावं का याचा बराच विचार केला. नाही लिहिलं. तपकिरी रंगाच्या फोटोतही तिन्ही शाया सगळीकडे असू शकतात. अशी पानं "पहा" म्हणून वेगळी दाखवतो, पान नंबरसकट, आणि ताई फक्त तेवढीच उघडून ठरवते. सव्वाशेऐवजी सहा-सात पानं बघायची.

९ एप्रिल

आज एक २१२ पानांची आली, ३८ कलर, ४ "पहा". ताईने चार पानं बघितली, दोन कलर केली, दोन साधी. भाव सांगितला, मुलगा म्हणाला मी घरी मोजून आलोय, ४० कलर, बरोबर आहे. गठ्ठा ट्रेमधून काढताना ताईने सवयीने हातावर तोलून बघितला.

दुसऱ्या काउंटरच्या मशीनवर ३२ बिटचं ऑटोहॉटकी आहे, तिथे प्रोसेस चालू करताना जो स्टार्टअपचा साचा द्यावा लागतो त्याची साइज ६८ बाइट, इथे ६४ बिटवर १०४. आकडा पक्का लिहून ठेवला होता तो पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याच्या, साइजवरून काढायचा बदल आज रात्री करतो, उद्या सकाळी ९ वाजता दुकान उघडायच्या आधी तिथे टाकून ९६ पानांच्या फाइलीवर तपासायचं.